विल्यम फ्रान्सिस गिब्ज: आग विझली, पाणी थांबलं, पण जहाज घरी पोहोचलं का?

मी जहाजावर इंजिन रूममध्ये नोकरी केली. आता किनाऱ्यावर आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी 'पाच साब', म्हणजे जुनिअर इंजिनीअर होतो. त्या वर्षी आमच्या मालवाहू जहाजावर रात्री आग लागली. इंधनाचा एक बारीक पाइप तडकला, गरम एक्झॉस्टवर तेलाचा फवारा उडाला आणि भडका झाला. जहाज कुठलं, कंपनी कुठली ते इथे सांगत नाही, त्याची गरजही नाही. बडा साब अनुभवी होते. माणसं बाहेर काढून त्यांनी इंजिन रूम बंद केली आणि कार्बन डायऑक्साइड सोडला. आग विझली, कुणाला खरचटलंही नाही.

खरी भीती वाटली ती त्यानंतर. आग विझली होती, पण जहाज मेलेलं होतं. मुख्य इंजिन बंद, जनरेटर बंद. जळलेल्या कोपऱ्यातूनच केबलींचा सगळा जुडगा गेलेला, त्यामुळे बिघाड नसलेले पंपसुद्धा चालेनात. इमर्जन्सी जनरेटरवर चार दिवे आणि रेडिओ एवढंच शिल्लक. दीड दिवस आम्ही लाटांवर नुसते डुलत होतो. आम्ही बावीसजण होतो, त्यामुळे निभावलं. डेकवर बसून मी एकच विचार करत होतो, की इथे चार हजार प्रवासी असते तर?

जहाजबांधणीत आज या प्रश्नाला नाव आहे, नियम आहेत. पण नियम येण्याच्या साठेक वर्षं आधीच एका माणसाने याचं उत्तर लोखंडात आणि अॅल्युमिनिअममध्ये बांधून दाखवलं होतं. विशेष म्हणजे त्याच्याकडे इंजिनीअरिंगची पदवीच नव्हती, तो शिकलेला वकील होता. आजचा लेख त्याच्यावर, म्हणजे विल्यम फ्रान्सिस गिब्जवर.

वकिलाच्या खोलीतली जहाजं

गिब्जचा जन्म २४ ऑगस्ट १८८६ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. वडील मोठे धनिक. कंपन्या काढायच्या, पैसा उभा करायचा, हा त्यांचा व्यवसाय. १२ नोव्हेंबर १८९४ ला वडिलांनी आठ वर्षांच्या विल्यमला शहरातल्या क्रॅम्प शिपयार्डमध्ये नेलं. त्या दिवशी 'सेंट लुइस' नावाचं प्रवासी जहाज पाण्यात उतरवलं जाणार होतं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी आल्या होत्या, प्रचंड गर्दी होती. पोराने ते अवाढव्य धूड घसरत पाण्यात जाताना पाहिलं आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

पण वडिलांचं मत साधारण आपल्याकडच्या वडिलांसारखंच, फक्त उलट्या बाजूने. आपल्याकडे मुलाला इंजिनीअर कर म्हणून मागे लागतात, त्यांना इंजिनीअरिंग हे पोट भरण्याचं साधन वाटतच नव्हतं. मुलाने वकील व्हावं, हा हट्ट. विल्यम हार्वर्डमध्ये गेला. तिथे खोलीचं दार लावून तो जहाजांचे, विशेषतः ब्रिटिश युद्धनौकांचे नकाशे पसरून बसायचा. हे जहाज कुठे फुटलं तर बुडेल आणि काय बदललं तर बुडणार नाही, हा त्याचा खेळ. हार्वर्डची पदवी काही मिळाली नाही. पुढे कोलंबिया विद्यापीठातून १९१३ मध्ये त्याने कायद्याचं शिक्षण पूर्ण केलं.

मधे १९०७ मध्ये तो धाकट्या भावाबरोबर, फ्रेडरिकबरोबर, 'लुसिटानिया' या त्या काळच्या नव्याकोऱ्या जहाजाने इंग्लंडला गेला आणि येताना 'मॉरिटानिया'च्या पहिल्याच सफरीवर परतला. जगातली सगळ्यात वेगवान दोन जहाजं त्याने पाठोपाठ अनुभवली. आणि १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडालं.

टायटॅनिकचा धडा दोन मिनिटांत समजून घेऊ, कारण गिब्जचं पुढचं सगळं काम त्यावर उभं आहे.

जहाजाचं पोट आतून एकसंध नसतं. आडव्या जलरोधक भिंती घालून त्याचे कप्पे पाडलेले असतात. या भिंतींना बल्कहेड म्हणतात. एका कप्प्यात पाणी शिरलं तर ते तिथेच अडकावं आणि बाकीच्या कप्प्यांतल्या हवेवर जहाज तरंगत राहावं, अशी ही कल्पना. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे डोळ्यांसमोर आणा. एका खणात पाणी ओतलं तर बाकीचे खण कोरडे राहतात. पण ट्रे एका बाजूने खाली झुकवा. पहिला खण भरून त्याच्या काठावरून पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जायला लागतं. टायटॅनिकचं हेच झालं. पुढचे चार कप्पे भरले तरी ते तरंगलं असतं, पण हिमनगाने त्याहून जास्त कप्पे उघडे केले. नाक खाली गेलं आणि बल्कहेड पुरेसे उंच नसल्यामुळे पाणी त्यांच्यावरून मागे मागे सरकत गेलं.

म्हणजे कप्पे नुसते असून भागत नाही. भिंती किती उंच आहेत, एका वेळी किती कप्पे गमावण्याची तयारी आहे आणि भिंतींतली दारं वेळेत बंद होतात का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत.

नकाशे नाहीत? मग जहाजच मोजा

वडिलांची संपत्ती तोवर बुडाली होती. गिब्जने थोडा काळ वकिली केली आणि १९१५ मध्ये ती सोडून दिली. दोघं भाऊ घरात बसून हजार फूट लांबीच्या प्रवासी जहाजाचा आराखडा करू लागले. विल्यम डिझाइन बघायचा, फ्रेडरिक हिशेब आणि पैशाची बाजू. हा आराखडा घेऊन ते थेट अमेरिकन नौदलाचे मुख्य रचनाकार अॅडमिरल डेव्हिड टेलर यांच्यापुढे उभे राहिले. पदवी नसलेल्या दोन तरुणांना टेलर यांनी हाकलून दिलं नाही. उलट नौदलाच्या टाकीत त्या जहाजाच्या मॉडेलची चाचणी करायची सोय झाली. बँकर जे. पी. मॉर्गन धाकटे यांचाही पाठिंबा मिळाला. मग अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि ते जहाज कागदावरच राहिलं.

युद्धाने त्याला दुसरी संधी दिली. 'फाटरलांड' हे जर्मनीचं अजस्र प्रवासी जहाज युद्धात अमेरिकेने ताब्यात घेतलं होतं. त्याचं नाव बदलून 'लेव्हियाथन' केलं आणि सैनिक वाहून नेले. युद्ध संपल्यावर ते परत प्रवासी जहाज करायचं काम गिब्जकडे आलं. अडचण अशी, की मूळ नकाशे जर्मनीत, ब्लोम अँड फॉस या बांधणाऱ्या कंपनीकडे. त्यांनी नकाशांचे दहा लाख डॉलर मागितले.

गिब्जने पैसे दिले नाहीत. त्याने शंभरावर ड्राफ्ट्समन जहाजावर पाठवले आणि प्रत्येक खोली, पाइप, भिंत मोजून सगळे नकाशे नव्याने काढून घेतले. आज आपण याला रिव्हर्स इंजिनीअरिंग म्हणतो. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज शिपयार्डमध्ये जहाज आतून पुन्हा बांधलं गेलं. कोळशाऐवजी तेलावर चालणारे बॉयलर झाले आणि १९२३ च्या जुलैत ते अमेरिकन झेंड्याखाली धावू लागलं.

मला वाटतं, या कामाचा खरा फायदा पैशात नव्हता. एक अख्खं जहाज इंच इंच मोजल्यावर दुसऱ्याच्या डिझाइनमधली प्रत्येक कमकुवत जागा त्याच्या डोक्यात बसली. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या सेकंड साबांनी पहिले पंधरा दिवस मला फक्त पाइपलाइन हाताने चाचपत फिरायला लावलं होतं. तेव्हा राग आला होता. त्या आगीच्या रात्री अंधारात मला झडपा सापडल्या, त्या त्यामुळेच.

मलोलो: फुटलं, पण बुडलं नाही

गिब्ज भावांना संपूर्ण आपल्या डिझाइनचं पहिलं मोठं प्रवासी जहाज मिळालं ते 'मलोलो'. सॅन फ्रान्सिस्को ते हवाई या मार्गासाठी मॅटसन कंपनीने ते बांधून घेतलं. बांधलं कुठे? लहानपणी सेंट लुइस पाहिलं होतं त्याच क्रॅम्प शिपयार्डमध्ये.

कायद्याने जेवढं सांगितलं होतं त्यापेक्षा गिब्जने बरंच जास्त केलं. बल्कहेड जास्त घातले, ते वर उंच डेकपर्यंत नेले आणि जलरोधक दारं ब्रिजवरून बंद करता येतील अशी सोय केली. अशी प्रत्येक भिंत म्हणजे मालकासाठी खर्च, वजन आणि गैरसोय. मोठे हॉल, लांबच लांब कॉरिडॉर करता येत नाहीत. त्यामुळे डिझायनरवर भिंती कमी करण्याचा दबाव कायम असतो, आजही असतो.

२५ मे १९२७. मलोलो अजून चाचण्यांवरच होतं, गिब्ज स्वतः जहाजावर होता. नॅन्टकेट बेटाजवळ दाट धुकं पडलं आणि धुक्यातून आलेलं 'याकोब क्रिस्टेन्सन' हे नॉर्वेचं मालवाहू जहाज मलोलोच्या कुशीत घुसलं. तेही नेमकं दोन कप्प्यांमधल्या बल्कहेडपाशी, म्हणजे एकाच धडकेत दोन कप्पे उघडे. आत बॉयलर होते. बघता बघता सुमारे ७,००० टन पाणी आत शिरलं.

याच्याशी तुलना करण्यासारखा अपघात तेरा वर्षांपूर्वी कॅनडात झाला होता. 'एम्प्रेस ऑफ आयर्लंड' या प्रवासी जहाजाला धुक्यात अशीच कुशीत धडक बसली. दारं वेळेत बंद झाली नाहीत, जहाज कलंडलं आणि १४ मिनिटांत बुडालं. हजाराहून जास्त माणसं गेली.

मलोलो खाली बसलं, पण तरंगत राहिलं. दारं बंद झाली होती आणि पाणी उंच भिंतींच्या मागे अडकलं. जहाज ओढत न्यूयॉर्कला आणलं, दुरुस्त केलं आणि त्याच वर्षी ते हवाईच्या मार्गावर लागलं. जहाजबांधणीत गिब्जचं नाव झालं ते त्या भगदाडामुळे. एरवी डिझायनरचं काम बरोबर होतं की नाही, हे वर्षानुवर्षं कळत नाही. इथे पहिला प्रवासी चढायच्या आधीच परीक्षा झाली होती.

आग: लाकडाचा महाल आणि पाण्याने बुडालेलं जहाज

पाण्याचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. मग आगीचं काय?

१९२९ मध्ये डॅनियल कॉक्स हे भागीदार आले आणि कंपनीचं नाव 'गिब्ज अँड कॉक्स' झालं. ८ सप्टेंबर १९३४ च्या पहाटे न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ 'मॉरो कॅसल' हे हवानाहून न्यूयॉर्कला येणारं जहाज पेटलं आणि १३७ माणसं गेली. हे जहाज जेमतेम चार वर्षं जुनं होतं. पण आतली सजावट म्हणजे लाकडी पॅनेल, पातळ लाकडाचे चिकटवलेले थर आणि वर पॉलिश. छताच्या वरच्या पोकळीतून आग एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये कुणाला न दिसता पसरली. थोडक्यात, पोलादी पेटीत चुलीची लाकडं रचून ठेवली होती. या आगीनंतर अमेरिकेत जहाजांच्या अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले.

गिब्जचं आगीचं वेड मात्र आधीपासूनचं. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाबद्दल त्याला लहान मुलासारखं आकर्षण होतं. १९३८ मध्ये शहरासाठी 'फायर फायटर' ही आग विझवणारी बोट आली, तिचं डिझाइन त्याचंच. मिनिटाला २०,००० गॅलन पाणी फेकणारी ही बोट इतकी चांगली होती, की ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरही ती मॅनहॅटनला पाणी पुरवत होती.

याच बोटीने त्याला दुसरा, जास्त कडू धडा दाखवला. ९ फेब्रुवारी १९४२ ला न्यूयॉर्कच्या धक्क्याला बांधलेलं 'नॉर्मंडी' हे फ्रेंच जहाज पेटलं. त्याचं सैनिकी जहाजात रूपांतर चालू होतं. टॉर्चने लोखंड कापताना ठिणग्या उडाल्या आणि रचून ठेवलेल्या लाइफजॅकेटांनी पेट घेतला. अग्निशमन दल आलं, फायर फायटरही आली. सगळ्यांनी तासन्‌तास पाणी मारलं. आग आटोक्यात आली, पण मध्यरात्रीनंतर जहाज धक्क्यालाच कलंडलं. जहाजाचा मूळ डिझायनर व्लादिमिर युर्केविच घटनास्थळी आला होता. तळाच्या झडपा उघडून जहाज सरळ चिखलात बसवा, हा त्याचा सल्ला, पण तो कुणी ऐकला नाही.

जहाज कलंडलं कशामुळे? एक प्रयोग करून बघा. परातीत बोटभर पाणी घ्या आणि परात उचलून चाला. परात जराशी तिरकी झाली की सगळं पाणी त्या बाजूला धावतं आणि ती आणखी तिरकी होते. तेवढंच पाणी तांब्यात घेतलं तर काही होत नाही. रुंद जागेत मोकळं फिरणारं पाणी जहाजाचा तोल असाच घालवतं. नॉर्मंडीवर हे पाणी वरच्या रुंद डेकांवर साचलं होतं. वजन उंचावर, शिवाय ते मोकळं फिरणारं, म्हणजे दुहेरी घात.

म्हणून आग आणि पाणी हे दोन वेगळे विषय नाहीत. जास्त पाणी ओतून आग विझवणं हा जहाजावर शहाणपणा नाही. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे आगीला खायलाच काही न ठेवणं. गिब्जने पुढे नेमकं हेच केलं.

पियानो आणि खाटकाचा ओंडका

दुसऱ्या महायुद्धात गिब्ज अँड कॉक्सने अमेरिकेच्या जहाजबांधणीचा प्रचंड भार उचलला. विनाशिकांची डिझाइनं केली. २,७१० 'लिबर्टी' जहाजं बांधली गेली, त्यांचे बांधकामाचे नकाशेही याच कंपनीने तयार केले. १९४२ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर गिब्ज झळकला. माणूस मात्र तसाच, जुनाट काळा सूट, लांबट गंभीर चेहरा आणि तुटक बोलणं.

युद्धानंतर तीस वर्षांपूर्वीचं स्वप्न पुन्हा टेबलावर आलं. सरकारला गरज पडली तर चौदा-पंधरा हजार सैनिक नेता येतील असं वेगवान जहाज हवं होतं, त्यामुळे खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला. ८ फेब्रुवारी १९५० ला न्यूपोर्ट न्यूजमध्ये 'युनायटेड स्टेट्स'चं काम सुरू झालं. लांबी ९९० फूट.

या जहाजात लाकूड जवळजवळ नव्हतंच. फर्निचर, लाइफबोटी, कपाटातले हँगरसुद्धा अॅल्युमिनिअमचे. पडदे आणि कापडं न पेटणाऱ्या धाग्यांची. भिंतींवरची सजावट काच, धातू अशा गोष्टींची. अपवाद दोनच प्रसिद्ध आहेत, पियानो आणि स्वयंपाकघरातला खाटकाचा ओंडका. पियानोही अॅल्युमिनिअमचा हवा म्हणून गिब्ज अडून बसला होता असं सांगतात. शेवटी आग सहज न धरणाऱ्या महोगनीवर तडजोड झाली.

अॅल्युमिनिअम घेण्याचं दुसरं कारण वजन. वरचे सगळे मजले पोलादाऐवजी अॅल्युमिनिअमचे केल्याने जहाज वर हलकं झालं. वर हलकं म्हणजे पाणी शिरल्यावर कलंडायची शक्यता कमी, शिवाय वेगही जास्त. पण ही फुकटची गोष्ट नव्हती. पोलाद आणि अॅल्युमिनिअम समुद्राच्या खाऱ्या हवेत एकमेकांना थेट चिकटले तर अॅल्युमिनिअम झपाट्याने गंजतं, म्हणून प्रत्येक जोडावर मधे इन्सुलेशन घालावं लागलं. आणि अॅल्युमिनिअम साधारण ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, त्याच्या खूप आधी मऊ पडतं. म्हणजे आग लागूच न देणं आणखी महत्त्वाचं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. गिब्जने या जहाजात दोन इंजिन रूम केल्या, एकमेकींपासून लांब, मधे जलरोधक भिंती. दोन्हींना आपापले बॉयलर, आपापली टर्बाइनं. एक जळाली किंवा पाण्याने भरली तरी दुसरीच्या जोरावर जहाज चालत राहील. युद्धनौकेवर ही पद्धत होती, कारण टॉर्पेडो लागणार हे गृहीतच असतं. प्रवासी जहाजाच्या बाबतीतही त्याने तेच गृहीत धरलं. अपघात होणारच, मग त्यानंतर आपल्याकडे काय उरतं, असा त्याचा हिशेब होता. आमच्या जहाजावर त्या रात्री नेमकं हेच नव्हतं. आमच्याकडे जे होतं ते सगळं एकाच खोलीत होतं.

३ जुलै १९५२ ला युनायटेड स्टेट्स पहिल्या सफरीवर निघालं आणि ३ दिवस १० तास ४० मिनिटांत अटलांटिक ओलांडलं. 'क्वीन मेरी'चा विक्रम दहा तासांनी मोडला. त्यासाठीचे प्रोपेलर एलेन कॅप्लन या महिला इंजिनीअरच्या देखरेखीखाली तयार झाले होते. चाचण्यांमध्ये जहाज ३८ नॉटच्या वर, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरवर गेलं होतं. हा आकडा बरीच वर्षं गुप्त ठेवला गेला.

त्यानंतर गिब्ज रोज न्यूयॉर्कच्या ऑफिसातून जहाजाला फोन लावायचा. जहाज बंदरात येणार असलं की किनाऱ्यावर जाऊन बघत उभा राहायचा. लेक सासरहून येणार म्हणून वाट बघत उभ्या राहिलेल्या बापासारखं हे चित्र मला वाटतं.

त्याचं काय चुकलं

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. आगीला अडवायला गिब्जने ज्या पॅनेलांवर आणि इन्सुलेशनवर भरवसा ठेवला, त्यात अॅस्बेस्टॉस भरपूर होतं. त्या काळी सगळेच ते वापरत होते. पण त्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि वीस-तीस वर्षांनी कॅन्सर होतो. जगभरातल्या शिपयार्डांमधल्या कामगारांनी याची किंमत मोजली. प्रवासी सुरक्षित झाले, बांधणाऱ्यांचं काय, हा प्रश्न त्या पिढीने विचारला नाही. १९९० च्या दशकात हे जहाज तुर्कस्तान आणि नंतर सेव्हस्तोपोलला नेऊन आतलं अॅस्बेस्टॉस काढलं, तेव्हा आत फक्त सांगाडा उरला. सुरक्षेचा एक उपाय दुसऱ्या कुणाच्या जिवावर तर उठत नाही ना, हे तपासणं डिझायनरचंच काम आहे.

दुसरी गोष्ट त्याच्या हातात नव्हती. १९५८ पासून जेट विमानं अटलांटिक काही तासांत ओलांडू लागली. ६ सप्टेंबर १९६७ ला गिब्ज न्यूयॉर्कमध्ये वारला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९६९ मध्ये, युनायटेड स्टेट्स कायमचं बंद झालं.

आजचा नियम: स्वतःच्या पायांवर घरी या

२००० नंतर प्रवासी जहाजं प्रचंड मोठी झाली. पाच-सहा हजार माणसं भर समुद्रात लाइफबोटीत उतरवणं हे स्वतःच एक संकट आहे. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने विचाराची दिशा बदलली. जहाज हीच सगळ्यात चांगली लाइफबोट, असं मानून 'सेफ रिटर्न टू पोर्ट' हे नियम आणले. १ जुलै २०१० पासून बांधलेल्या, १२० मीटर किंवा त्याहून लांब किंवा तीन अथवा जास्त मुख्य अग्निविभाग असलेल्या प्रवासी जहाजांना ते लागू आहेत.

नियमाचा गाभा सोपा आहे.

पहिली पायरी: ठरवून दिलेल्या मर्यादेतली आग लागली किंवा कुठलाही एक जलरोधक कप्पा भरला, तरी जहाजाने स्वतःच्या इंजिनावर बंदर गाठलं पाहिजे. इंजिन, सुकाणू, दिशादर्शन, संपर्क, आगीचे आणि पाणी उपसायचे पंप चालू राहिले पाहिजेत. शिवाय प्रवाशांना ठेवायला सुरक्षित जागा हवी, जिथे पिण्याचं पाणी, जेवण, संडास, उजेड, हवा आणि औषधोपचार असतील.

दुसरी पायरी: नुकसान त्याहून मोठं झालं आणि एक अख्खा अग्निविभाग गेला, तरी जहाज शांतपणे रिकामं करता यावं म्हणून गरजेच्या यंत्रणा बाकीच्या भागात किमान तीन तास चालल्या पाहिजेत.

वाचायला सोपं, बांधायला महाकठीण. दोन इंजिन रूम ठेवल्या, पण दोन्हींच्या केबली एकाच कॉरिडॉरमधून गेल्या, तर सगळं फुकट. इंधन एकाच टाकीतून येतंय का, कूलिंगचं पाणी एकाच वाहिनीतून जातंय का, कंट्रोलचे कॉम्प्युटर एकाच खोलीत आहेत का, हे डिझाइन करणारे एकेक कप्पा 'गेला' असं धरून तपासत बसतात. गिब्ज हार्वर्डच्या खोलीत खेळायचा तोच हा खेळ.

नियम नव्या जहाजांना लागू, जुन्यांना नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'कार्निव्हल ट्रायम्फ' या १९९९ च्या जहाजावर मेक्सिकोच्या आखातात इंजिन रूममध्ये आग लागली. आग विझली, कुणी दगावलं नाही. पण वीज गेली आणि चार हजारांहून जास्त माणसं बंद पडलेल्या संडासांसह काही दिवस समुद्रावर अडकली. शेवटी टगबोटींनी जहाज अलाबामातल्या मोबाइल बंदरात ओढून आणलं. बातम्या बघताना मला माझी ती रात्र आठवली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच मोबाइल बंदराकडे आणखी एक जहाज ओढत नेलं गेलं, गिब्जचं युनायटेड स्टेट्स. फिलाडेल्फियात ते जवळजवळ तीस वर्षं गंजत उभं होतं. फ्लोरिडातल्या ओकालूसा काउंटीने ते विकत घेतलं. सगळी साफसफाई करून ते समुद्रतळाशी बसवायचं, माशांसाठी कृत्रिम खडक म्हणून, असं ठरलं. असं जहाज सरळ बुडवायला आतल्या भिंतींना मुद्दाम भोकं पाडून पाण्याला वाट करून द्यावी लागते. गिब्जच्या भिंती तोडल्याशिवाय ते नीट बुडणार नाही, याचं वाईटही वाटतं आणि थोडं समाधानही.

शेवटी एक छोटं काम तुमच्यासाठी. पुढच्या वेळी क्रूझवर किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रो बोटीत बसाल, तेव्हा आधी आजूबाजूला बघा. लाइफजॅकेट कुठे आहेत, आपत्तीत जमायची जागा कुठली, बाहेर पडायचे दोन वेगळे रस्ते कोणते, हे बघून ठेवा. आणि आपोआप बंद होणारं जड दार कुणी बॅग लावून उघडं ठेवलं असेल, तर ती बॅग काढा. त्या दारापलीकडची आग किंवा पाणी तिथेच थांबावं म्हणून ते दार तिथे आहे.